घरी आंबवलेली पेयं: विदर्भातल्या हवेत आंबील, कांजी आणि संत्र्याचं फसफसतं पेय कसं करायचं

आंबवलेल्या पेयांच्या कृतीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘तीन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवा.’ खोली कुठली, हे कोणी सांगत नाही. महाबळेश्वरच्या खोलीत मे महिन्यात जे तीन दिवसांत होतं, ते अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या खोलीत एका दिवसात होऊन दुसऱ्या दिवशी बिघडायला लागतं. आंबण्याचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांमागे दुप्पट होतो. एका मर्यादेनंतर तर आपल्याला हवे ते जंतू थकतात आणि नको ते जोर धरतात. ‘कृती तंतोतंत पाळली, तरी वास मारला’ अशी तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कृती बरोबर असते, पण तिच्यातले दिवस दुसऱ्या हवेचे असतात.

म्हणून खाली दिलेले तास अंदाजापुरते धरा. पेय तयार झालं की नाही, हे वास, बुडबुडे, चव आणि पीएच पट्टी (आंबटपणा मोजायची कागदी पट्टी; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) यांवरून ठरवायचं. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. आधी आंबील (ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेलं पेय), मग कांजी (मीठ-मोहरीच्या पाण्यात गाजर आंबवून केलेलं पेय), शेवटी फसफसतं पेय. आंबील शेवटी शिजवली जाते, त्यामुळे तिथे चूक झाली तरी नुकसान कमी. फसफसत्या पेयात बाटली फुटण्याचा धोका असतो, म्हणून ते हात बसल्यावर करायचं.

## टप्पा १: ऋतू बघून पेय निवडा

- मार्च ते जूनचा पहिला आठवडा: फक्त आंबील आणि ताकावरची पेयं. यांना एक रात्र पुरते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुसरं काही लावू नका.
- पावसाळा: हवेत ओल असते, बुरशी पटकन धरते. नवीन प्रयोग टाळा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: कांजी आणि फसफसत्या पेयांचा खरा हंगाम. बाजारात गाजर, बीट, अद्रक आणि संत्री सगळं ताजं असतं, आणि घरातलं तापमान २० ते २८ अंशांच्या आसपास राहतं.

लोक नेमकं उलटं करतात. उन्हाळ्यात थंड प्यायची इच्छा होते, म्हणून कांजी आणि सोडा मे महिन्यात लावतात आणि आंबील हिवाळ्यात आठवते.

## टप्पा २: पाणी

ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असते. ती पाण्यातले जंतू मारण्यासाठीच आहे, पण आपण लावलेल्या आंबवणातले जंतूही ती मारते. नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही उकळायचंच. कारण वेगळं असलं तरी नियम तोच.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे गंजाच्या (पातेल्याच्या) तळाला पांढरा थर बसत असेल आणि डाळ लवकर शिजत नसेल, तर त्यातले क्षार आंबटपणा दाबून धरतात. पेय आंबायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात नको ते वाढतं. अशा गावात पहिल्या खेपेला कॅनचं पाणी आणा, तेही उकळून घ्या. पुढे तीच कृती घरच्या पाण्यावर करून बघा, म्हणजे फरक पाण्याचा आहे की आणखी कशाचा, ते कळेल.

तपासणी: पाण्यात करंगळी बुडवा. कोमट लागलं तरी थांबा. गरम पाण्यात ताक किंवा विरजण घातलं, तर ते तिथेच मरतं.

## टप्पा ३: भांडी

काचेची बरणी, चिनी मातीची भरणी किंवा स्टील. एवढंच.

तांब्या-पितळेचं भांडं आंबट पेयाला अजिबात नको. तांब्याच्या गडव्यातलं पाणी पिणं वेगळं आणि त्यात ताक किंवा कांजी ठेवणं वेगळं. आम्लात तांबं उतरतं आणि उलट्या, पोटदुखी सुरू होते. कल्हई घासली गेलेलं पितळही तसंच. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजात आंबील शिजवायची जुनी सवय अनेक घरांत आहे, पण शिजवायला आणि ठेवायला दोन्हीला स्टील घ्या. झिलई दिलेलं स्वस्त, रंगीत मातीचं भांडंही टाळा, कारण त्या झिलईत शिसं असू शकतं. साध्या माठाच्या छिद्रांत मागच्या खेपेचं सगळं मुरलेलं असतं, म्हणून प्रयोगाला तोही नको.

बरणी साबणाने धुवा, साबण राहणार नाही इतकी खळबळा, गरम पाणी फिरवा आणि कडक उन्हात पालथी वाळवा. थंड काचेत एकदम उकळतं पाणी ओतलं, तर काच तडकते. आधी कोमट, मग गरम. चमचा, गाळणी, झाकायचं सुती फडकं, सगळं याच पद्धतीने. लोणच्याच्या बरणीत कांजी लावू नका. तेलाचा वास कितीही घासला तरी जात नाही.

याच वेळी दोन वस्तू आणून ठेवा. एक साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणि ३ ते ६ दरम्यान बारीक फरक दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या. पट्ट्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. मीठ मोजायला काटा नसेल, तर किराणा दुकानातून २५-२५ ग्रॅमच्या पुड्या बांधून आणा. चमच्याने मीठ मोजणं ही कांजी बिघडण्याची मोठी वाट आहे, कारण बारीक मीठ आणि खडेमीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचं बसतं.

## टप्पा ४: जागा

थर्मामीटर घेऊन घरात फिरा. सकाळी सहा आणि दुपारी तीनचं तापमान लिहा. टिनाच्या छपराखालची स्वयंपाकघराची फळी आणि माजघरातला रांजणाजवळचा कोपरा यांत मोठा फरक दिसेल. रांजणाजवळचीच जागा घ्या. खाली फरशी, वर ओलं थंड मातीचं भांडं, थेट ऊन नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापायला लागली, तर बरणी परातीत ठेवा, परातीत दोन बोटं पाणी घाला आणि बरणीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून त्याची कड पाण्यात सोडा. आपली हवा कोरडी असल्यामुळे गोणपाटातलं पाणी उडत राहतं आणि बरणी आठ-दहा अंशांनी थंड राहू शकते. पाऊस सुरू झाला की ही युक्ती थांबते, कुलरसारखीच. गोणपाट बरणीच्या तोंडाला लागू देऊ नका, त्यातूनच बुरशी आत जाते.

इशारा: जागेचं तापमान दुपारी ३५ च्या वर जात असेल, तर तिथे एका रात्रीपेक्षा जास्त वेळ लागणारं काहीही ठेवू नका.

## टप्पा ५: ज्वारीची आंबील

आदल्या संध्याकाळी. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दोन वाट्या उकळून गार केलेलं पाणी, दोन मोठे चमचे ताजं ताक. गुठळ्या मोडून सारखं करा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरा, कारण ते फुगतं. फडकं बांधा.

पीठ ताजं दळलेलं हवं. उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ लवकर खवट होतं, आणि तो कडवटपणा आंबल्यावर आणखी वर येतो. पिठाऐवजी कण्या घेतल्या तर आंबील दाटसर होते, पण भिजायला आणि शिजायला दोन्हीला वेळ जास्त लागतो. पहिली खेप पिठाचीच करा.

इशारा: नाचणीला मोड आणतात म्हणून ज्वारीला मोड आणून आंबील करू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. किराळ, म्हणजे ज्वारीचे कोवळे फुटवे, खाऊन जनावरं दगावतात, ती याच घटकामुळे. कोरड्या, पक्व दाण्याच्या पिठाला हा धोका नाही.

सकाळी. उन्हाळ्यात रात्री आठला भिजवलं, तर पहाटे पाच-सहाला तयार. थंडीत चौदा ते अठरा तास लागतात. तयार झाल्याची खूण अशी: वर पातळ पाणी सुटलेलं, कडेला बारीक बुडबुडे आणि ताकासारखा स्वच्छ आंबट वास. उग्र, सडका किंवा चीजसारखा वास आला, तर टाकून द्या. शिजवून तो दुरुस्त होत नाही.

शिजवताना. चार वाट्या पाण्याला उकळी आणा, आच मध्यम करा, भिजवण ढवळून बारीक धारेने सोडा आणि हात न थांबवता आठ-दहा मिनिटं हलवा. कच्च्या पिठाचा वास गेला आणि मिश्रणाला चकाकी आली की उतरवा.

ताक कधी घालायचं? इथे सर्वांत जास्त चुकतं. गरम आंबिलीत ताक घातलं की ते फाटतं, आणि मग ‘आंबील बिघडली’ म्हणून सगळं ओततात. बोट सहज ठेवता येईल इतकी गार झाल्यावर दोन वाट्या ताजं ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेला लसूण आणि वरून सांबार (कोथिंबीर).

शिजवल्यानंतर ती पुन्हा आंबायला ठेवू नका. सकाळी केलेली आंबील दुपारच्या जेवणापर्यंत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. शिजवलेलं धान्य उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिलं, तर त्यात असे जंतू वाढतात की ज्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. शेतावर न्यायची असेल, तर घट्ट आंबील आणि ताक वेगवेगळ्या डब्यांत न्या आणि तिथे मिसळा.

ऊन लागलेल्या माणसाला मात्र आंबील पाजत बसू नका. अंग तापलेलं, बोलण्यात गोंधळ, घाम बंद अशी लक्षणं दिसली की अंगावर पाणी घालत, वारा घालत सरळ दवाखान्यात न्यायचं.

आंबील सलग काही वेळा एकसारखी जमली की पुढे जा.

## टप्पा ६: गाजराची कांजी

एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, ३०० ग्रॅम गाजर, एक मोठा चमचा मोहरीची भरड पूड, अर्धा चमचा तिखट. गाजरं माती राहणार नाही इतकी धुवा, देठाकडचा भाग कापून टाका, बोटाएवढे तुकडे करा. पाण्यात मीठ पूर्ण विरघळवा, मग बाकीचं घाला.

पहिली कांजी बिटाशिवाय करा. बीट घातलं की पीएच पट्टी लाल होते आणि आंबटपणाचा रंग वाचता येत नाही. ज्याला अजून वासाचा अंदाज नाही, त्याच्या हातात मग काहीच खूण उरत नाही. गाजराचा फिका रंग पट्टीला फारसा आडवा येत नाही.

तुकडे पाण्याखाली राहिलेच पाहिजेत. वर तरंगणाऱ्या तुकड्यावर बुरशी धरते आणि तिथून सगळीकडे पसरते. बरणीत बसेल अशी छोटी काचेची वाटी उकळत्या पाण्यातून काढून तुकड्यांवर दाबून ठेवा. तोंडाला फडकं बांधा. घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो.

रोज एकदा कोरड्या, स्वच्छ चमच्याने हलवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगली थंडी असते तेव्हा चार ते सहा दिवस, फेब्रुवारीत दोन ते तीन. उत्तरेकडच्या कृतींत बरणी उन्हात ठेवायला सांगतात. जानेवारीतल्या सकाळच्या उन्हात तासभर ठेवायला हरकत नाही, पण मार्चपासून आपल्या उन्हात ठेवू नका.

तपासणी, याच क्रमाने:

1. बघा. वर पातळ, पांढरी, सपाट साय असेल तर ती जंगली यीस्टची आहे. धोका कमी, पण चव बिघडवते. हिरवा, काळा, गुलाबी किंवा लोकरीसारखा थर असेल तर सगळं फेका. वरचा थर काढून खालचं पिऊ नका.
2. वास घ्या. मोहरीचा झणका आणि आंबटपणा हवा. कुजल्याचा वास नको.
3. पट्टी बुडवा. ४ किंवा त्याहून कमी आलं पाहिजे. चौथ्या दिवशीही ४.६ च्या वर असेल, तर आणखी वाट न पाहता फेका.
4. या तिन्ही तपासण्या झाल्यावरच एक चमचा चाखा.

मीठ कमी करून ‘हलकी’ कांजी करायचा मोह सगळ्यांना होतो. सुरुवातीच्या दिवसांत आंबटपणा तयार झालेला नसतो, तेव्हा नको त्या जंतूंना रोखून धरायचं काम मीठच करतं. खारट वाटली तर पिताना पाणी घाला, लावताना मीठ कमी करू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल, त्यांनी कांजी टाळलेली बरी.

तयार कांजी गाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

## टप्पा ७: अद्रकाचं विरजण आणि संत्र्याचं फसफसतं पेय

हे दोन भागांचं काम आहे, आणि घाई करणारे पहिला भाग अर्धवट सोडतात.

विरजण. काचेच्या बरणीत २५० मिली उकळून गार केलेलं पाणी, सालासकट किसलेलं दोन चमचे अद्रक, दोन चमचे साखर. साल काढू नका, कामाचे जंतू सालीवरच असतात, फक्त माती धुवा. रोज तेवढंच अद्रक आणि साखर घालून हलवा. तीन ते सहा दिवसांत हलवल्यावर फेस येतो आणि कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते. तेव्हा विरजण तयार. आठवड्यात काहीच हालचाल नसेल, तर फेकून दुसऱ्या ठिकाणचं अद्रक आणा. गूळ चालतो, पण बाजारातला पिवळाधमक गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो आणि ते रसायन यीस्टला मारक असतं. सुरुवातीला साखरच वापरा.

संत्री. नागपुरी संत्र्याच्या रसाची एक अडचण माहीत असायला हवी. ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी कडू होतो. बिया आणि फोडींवरची पांढरी साल यांतला एक घटक रसाच्या आंबटपणात हळूहळू बदलतो, म्हणून कडूपणा उशिरा येतो. वरून यीस्ट साखर खातं, गोडी कमी होते, आणि तो कडूपणा जास्तच जाणवतो. ‘आंबवल्यामुळे कडू झालं’ असं म्हणतात, पण मूळ दोष रस काढण्यात असतो. म्हणून:

- पूर्ण पिकलेली संत्री घ्या. आंबिया बहराची ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारीच्या पुढे. हिरवटपणा असेल तेवढा कडूपणा जास्त.
- मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका. बिया फुटतात. हाताने हलकं दाबून रस काढा आणि लगेच गाळा.
- सालीचा तुकडा ‘वासासाठी’ टाकू नका. सालीतलं तेल यीस्टला थोपवतं.
- प्रत्येक नव्या पेटीतल्या दोन संत्र्यांचा रस काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी चाखा. कडू झाला असेल, तर ती संत्री नुसती खा, पेयाला वापरू नका.

बाटली भरणं. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर उकळून पूर्ण गार करा. त्यात ४०० मिली गाळलेला रस आणि ६० मिली गाळलेलं विरजण मिसळा. कोल्ड्रिंकच्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्यांत भरा, वर तीन बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा.

इशारा: काचेची बाटली नको. दारूच्या रिकाम्या बाटल्या, सॉसच्या बाटल्या तर मुळीच नकोत. आत वायूचा दाब वाढतो आणि काच फुटून डोळ्याला, हाताला इजा होते. प्लास्टिकची बाटली दाब किती वाढला, ते बोटांना आधी सांगते.

२५ अंशांच्या आसपास एक ते दीड दिवस लागतो. दर सहा तासांनी बाटली दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. झाकण उघडताना मोरीत धरून हळूहळू सैल करा. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही, म्हणून तीन-चार दिवसांत संपवा. लाइन बराच वेळ गेली, तर झाकण सैल करून दाब सोडा.

या पेयात थोडा अल्कोहोल तयार होतोच आणि जितके दिवस ठेवाल तितका वाढतो. लहान मुलांना, गरोदर बाईला, दारू सोडलेल्या माणसाला हे देऊ नका. जास्त साखर घालून, जास्त दिवस ठेवून ते ‘कडक’ करणं, किंवा त्यात मोहफूल घालणं हा वेगळा विषय आहे. परवान्याशिवाय घरी दारू करणं राज्यभर गुन्हा आहे, आणि वर्धा, गडचिरोली हे तर दारूबंदीचे जिल्हे.

## टप्पा ८: प्रयोग करताना एका वेळी एकच बदल

पाणी बदललं, मीठ कमी केलं, गाजराऐवजी मुळा घेतला आणि पेय चांगलं झालं. कशामुळे झालं, ते सांगता येणार नाही. बिघडलं तरी तेच. म्हणून नेहमी दोन छोट्या बरण्या लावा. एक ओळखीच्या कृतीची, दुसरीत एकच फरक. दोन्ही एकाच कोपऱ्यात, एकाच पाण्याच्या.

बरणीवर पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहा. वहीत रोज एक ओळ: सकाळचं आणि दुपारचं तापमान, वास, बुडबुडे, पट्टीचा आकडा. एका हिवाळ्याची वही असली की पुढच्या वर्षी तुमच्या घरचे तास तुम्हाला ठाऊक असतात, आणि ते कुठल्याच कृतीत मिळत नाहीत.

सुरुवातीला करून बघण्यासारखे फरक: आंबिलीत दोनऐवजी चार चमचे ताक, कांजीत २५ विरुद्ध ३० ग्रॅम मीठ, गाजराबरोबर दोन तुकडे बीट, संत्र्याच्या रसाऐवजी लिंबू-साखरेचं पाणी. मीठ वाढवून बघा, २५ च्या खाली जाऊ नका.

नवीन पेय घरात पहिल्या दिवशी अर्धा कप, तेही मोठ्या माणसाने. दुसऱ्या दिवशी पोट ठीक असेल, तर बाकीच्यांनी.

बिघडलेलं पेय गाईला, बकरीला किंवा कोंबड्यांना घालू नका. खारट कांजी कोंबड्यांना अपायकारक असते, आणि बुरशीचं विष जनावरालाही बाधतं. उकिरड्यावर खड्डा करून ओता आणि माती लोटा. बरणी लगेच धुऊन उन्हात ठेवा, आणि झाकलेलं फडकं वेगळ्या पाण्यात उकळा.